हिशेबखात्यातला मारवा

आमच्या कोराडीत ‘देशपांडे’ हे आडनाव नसून पत्ता आहे. “आज देशपांडेला काय आहे?” असं कुणी विचारलं की समोरचा “नाटक आहे म्हणे” किंवा “शाळेचं गॅदरिंग” एवढंच सांगतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं ते सभागृह म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. पण एवढं लांब नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? वीज केंद्राच्या वसाहतीतली दोन पिढ्यांची माणसं तिथल्या खुर्च्यांवर बसून आली आहेत. परतीच्या वाटेवर नाटक बरं की वाईट यावर बोलतात. ज्याच्या नावाच्या छपराखाली बसलो होतो तो माणूस गाण्याआधी आणि गाण्याबरोबर जवळजवळ दोन तपं लष्कराचे हिशेब लिहीत होता, हे क्वचितच कुणाच्या बोलण्यात येतं.

मला मात्र ते राहून राहून आठवतं, कारण कोराडीच्या शेजारी लष्कर आहे. आमचा तालुका कामठी. कन्हानच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली वसवलेली ती छावणी आज दोनशे वर्षांहून जुनी झाली. तिकडे सोनेगावला विमानतळ आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो इंग्रजांच्या हवाई दलासाठी उभा राहिला आणि दुसऱ्या महायुद्धातही त्यांच्याच कामाला आला. मध्य प्रांताची ही राजधानी, नागपूर, रणांगणापासून कोसो दूर होती, तरी युद्ध तिच्या डोक्यावरून घरघरत जायचं. अशा गावात गाणं शिकलेल्या दोन मुलांची ही गोष्ट आहे. तिच्यात एक मास्तर आहे, एक हिशेबनीस आहे, एक सिनेमाचा संगीतकार आहे आणि १९६२ ची लढाई आहे.

मास्तरांपासून सुरुवात करतो.

शंकरराव सप्रे हे नाव आज भेटतं ते दुसऱ्यांच्या चरित्रांत, तिसऱ्या-चौथ्या ओळीला. ‘प्राथमिक शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे’ एवढं सांगून चरित्रकार पुढच्या मोठ्या उस्तादाकडे धावतो. गाणं शिकवणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येतं. ज्यानं पहिला षड्ज लावून घेतला तो एका ओळीत आटोपतो आणि ज्यानं शेवटची झिलई दिली त्याला पानं मिळतात.

सप्रे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. आज या शब्दांचं वजन चटकन कळत नाही, म्हणून थोडं मागं जातो. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीनं शिकले. त्या पद्धतीत गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूला लहर आली की मिळेल ते कानात साठवायचं. लहानपणी फटाक्यानं त्यांची दृष्टी अधू झाली होती, तरी पुढचं त्यांना लख्ख दिसत होतं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग आणला, वेळापत्रक आणलं, पुस्तक, स्वरलिपी आणि परीक्षा आणली. कुणाही घरच्या मुलानं फी भरावी, चटईवर बसावं आणि उजळ माथ्यानं गाणं शिकावं अशी सोय त्यांनी केली. हिंदुस्थानात तोवर अशी सोय क्वचितच होती. त्यांची खरी चतुराई ‘उपदेशक वर्गा’त दिसते. त्यात त्यांनी गवयांच्या जोडीला मास्तर घडवले आणि हे मास्तर देशभर पेरले. साबरमतीच्या आश्रमात नारायणराव खरे, मुंबईत देवधर, पुण्यात विनायकबुवा पटवर्धन अशी ही पेरणी झाली. नागपूरच्या मातीत सप्र्यांचं श्रीराम संगीत विद्यालय उभं राहिलं.

या वर्गपद्धतीला नाकं मुरडणारे तेव्हाही होते. वर्गात गवई घडत नाही, कारकून घडतो, असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण सप्र्यांच्या वर्गात बसलेल्या एका मुलानं पुढं कारकुनीही केली आणि तो गवईही झाला. दोन्ही गोष्टी एकदम! नाकं मुरडणाऱ्यांच्या हिशेबात हे बसणारं नव्हतं.

त्या मुलाचं नाव वसंत बाळकृष्ण देशपांडे. जन्म २ मे १९२०, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आई राधाबाईंनी एकटीनं त्याला नागपुरात वाढवलं. त्या काळात एकट्या बाईनं मुलाला वाढवायचं आणि वर त्याला गाणं शिकवायचं, यात काय काय सोसावं लागलं असेल याची कल्पना जुन्या नागपुरात ज्यांची आजी राहिली आहे त्यांना द्यावी लागणार नाही. गळा मात्र असा की भालजी पेंढारकरांच्या नजरेत तो लहानपणीच भरला. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ या हिंदी बोलपटात हा पोरगा कृष्ण झाला.

त्याच विद्यालयात वसंतापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा आणखी एक मुलगा शिकून गेला. तो रामचंद्र चितळकर, जन्म १९१८, मूळ पुणतांब्याचा. यालाही पडद्याचं वेड होतं. ‘नागानंद’मध्ये त्यानं काम केलं, पण चेहऱ्यानं दगा दिला आणि पेटीनं तारलं. सोहराब मोदींच्या मिनर्व्हात तो पेटीवाला म्हणून चिकटला, पुढं संगीतकार झाला आणि नाव आखडून सी. रामचंद्र झाला.

तर मास्तर एक आणि मुलं दोन. इथून वाटा फुटतात.

वसंताची वाट आधी उत्तरेला गेली. मामाबरोबर तो लाहोरला पोचला. त्याच्या मास्तरांच्या गुरूंनी जिथं पहिली शाळा काढली होती ते हेच शहर. हा निव्वळ योगायोग असला तरी मला तो फार आवडतो. पण वसंत तिथं शाळेत गेला नाही. त्याला असद अली खाँ भेटले. त्यांची तालीम वर्गाच्या अगदी उलट टोकाची होती. खाँसाहेबांनी कित्येक महिने या मुलाला मारवा सोडून दुसरं काहीच दिलं नाही, अशी कथा सांगतात. आख्यायिकेत महिन्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण राग बदलत नाही.

मारवाच का, हे समजून घ्यायला हवं. हा दिवस मावळतानाचा राग आहे. त्याला पंचम नाही. ऋषभ कोमल आहे, मध्यम तीव्र आहे, आणि सगळा भार ऋषभ-धैवतावर. मुख्य गोष्ट अशी की षड्ज आहे, पण त्याच्यावर बसायचं नाही. तंबोरा कानाशी सतत ‘सा’ म्हणत राहतो आणि गवयानं त्याच्या आजूबाजूला घिरट्या घालत घरी जाणं लांबवायचं. नवख्या गळ्याला हे जमत नाही, तो धावत जाऊन ‘सा’वर पडतो. ज्याला बेघर राहून सुरात राहता येतं त्याला मारवा येतो आणि ज्याला मारवा आला त्याला बाकीच्या रागांची दारं ठोठावावी लागत नाहीत. वर्गात सप्रे मास्तरांनी सरळ, नेटका, लिहिता येईल असा स्वर दिला होता. लाहोरला तोच स्वर जमिनीवरून उचलला गेला. आधी जमीन घट्ट नसती तर तो उडालेला गळा कुठं भरकटला असता कोण जाणे. चरित्रकारांनी इथं थोडं थांबायला हवं होतं.

आमच्या कोराडीच्या तलावाकाठी संध्याकाळी उभं राहिलं की मला मारव्याची आठवण होते. जगदंबेचं रूप दिवसातून तीनदा पालटतं, सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सांजेला प्रौढा, अशी इथल्या भाविकांची श्रद्धा आहे. त्या तिसऱ्या रूपाच्या वेळेला वीज केंद्राच्या चिमण्यांच्या मागं आभाळ तांबूस-राखाडी होतं. घरी जायचं असतं, पण पाय निघत नाही. मारवा याच वेळचा.

यानंतर वसंतराव एका दाराशी थांबले नाहीत. मास्टर दीनानाथांच्या गाण्यानं त्यांना झपाटलं. बलवंत संगीत मंडळीच्या रंगमंचावरून कुठल्या कुठं झेप घेणारी ती तान त्यांच्या गळ्यात जन्मभर मुक्कामाला राहिली. पुण्यात किराण्याचे सुरेशबाबू माने, मुंबईत भेंडीबाजारचे अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर अशी गुरूंची रांगच झाली. तुमचं घराणं कोणतं, या प्रश्नावर ते पुढं सांगत, की माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं. ऐकणाऱ्याला हा तोरा वाटे, पण त्यात नाइलाजही होता. इतक्या दारांची भिक्षा एका झोळीत आल्यावर झोळीवर एकाच दाराचं नाव कसं लिहायचं?

आणि पोट? ते गाण्यावर भरत नव्हतं.

दुसरं महायुद्ध आलं. १९३९ साली हिंदी सैन्यात सुमारे दोन लाख माणसं होती, ती १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेली. तेव्हाच्या कवायती, बंदुका, विमानं यांच्यावर खूप लिहिलं गेलं आहे. त्यांच्यामागं बसलेल्या कारकुनांवर कुणी लिहीत नाही. सैनिक वाढला की त्याचा पगार आला, गावाकडे आईला पाठवायची रक्कम आली, बूट-कांबळी-डाळ-तेलाची बिलं आली, जखमीचं पेन्शन आलं, मेलेल्याचा शेवटचा हिशेब आला. या कामाला हजारो हात लागले. लिहिता-वाचता येणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला पुण्यातलं मिलिटरी अकाउंट्स म्हणजे देवानं उघडलेलं दार होतं. स्वातंत्र्यानंतर खात्याचं इंग्रजी नाव बदललं, पण पुणेकर ‘मिलिटरी अकाउंट्स’च म्हणत राहिले. वसंतराव त्या दारातून आत गेले. आणि दोन-चार वर्षांत सुटायच्या बेतानं गेलेला माणूस तिथं जवळजवळ दोन तपं राहिला.

या काळाबद्दल लिहिताना सगळे ‘नोकरीच्या चरकात पिळलेला कलावंत’ असं चित्र काढतात. मला ते अर्धंच पटतं. दिवसभर खर्डेघाशी आणि रात्री मैफल करून दुसऱ्या दिवशी वेळेवर मस्टरवर सही करायची, हे माणसाला झिजवतंच. पंचविशीपासून पंचेचाळिशीपर्यंतची वर्षं गळा सगळ्यात ताकदीचा असतो, आणि ती लेजरात गेली. पण दुसरी बाजूही आहे. महिन्याच्या पगारामुळं वसंतरावांना कुणा संस्थानिकाची किंवा नाटक कंपनीच्या मालकाची मर्जी राखावी लागली नाही. गाण्यात त्यांनी हवं तेच केलं, वाटेल त्या गुरूकडे गेले, तबल्यावर आणि ढोलकीवर हात साफ केला, नाट्यगीत, ठुमरी, लावणी यांपैकी कशालाही कमी लेखलं नाही. पु. ल. देशपांडे त्यांना ‘वसंतखाँ’ म्हणत. पुण्यातल्या ब्राह्मणी घरातला कारकून आणि आतला खाँसाहेब हे दोघंही त्या एका हाकेत येतात. पेटीवर पुलं आणि गायला वसंतराव अशा रात्री ज्यांनी पाहिल्या त्यांनी त्या अखेरपर्यंत सांगितल्या.

तिकडे मुंबईत सी. रामचंद्रांना युद्धानं वेगळंच काही दिलं. युद्धकाळात मुंबईच्या हॉटेलांत गोरे सोल्जर नाचत होते आणि त्यांच्यासाठी गोव्याचे वादक ट्रंपेट, सॅक्सोफोन फुंकत होते. तो नाद अण्णांनी उचलला. अण्णा म्हणजे तेच, सिनेमाच्या दुनियेत त्यांना सगळे अण्णाच म्हणत. १९४७ च्या ‘शहनाई’त आणि १९५१ च्या ‘अलबेला’त जाझ आणि लावणीचा ठेका एका ताटात जेवले. चिक चॉकलेटसारखा गोवेकर ट्रंपेटवाला त्यांच्या साथीला होता. दोनच वर्षांनी ‘अनारकली’त हाच माणूस इतका तलम होऊन आला की ऐकणाऱ्यांनी श्रेयनामावली पुन्हा वाचली असेल. सप्र्यांच्या वर्गातला सरळ स्वर इथंही तळाशी होता. वरचे रंग किती का बदलेनात, चाल गुणगुणायला कधी जड गेली नाही.

आता १९६२.

२० ऑक्टोबरला चिनी सैन्य नेफात उतरलं. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल. तेव्हा तो आसामच्या राज्यपालांच्या देखरेखीखालचा, रस्ते नसलेला, ढगांत बुडालेला मुलूख होता. पुढच्या ठाण्यांना दाणागोटा विमानातून टाकावा लागे, त्यातला बराचसा दऱ्यांत जाई. तवांग पडलं, नोव्हेंबरात सेला आणि बोमडिला पडलं. तेजपूर रिकामं झालं. तिथल्या स्टेट बँकेतल्या नोटा जाळल्या गेल्या आणि नाणी तळ्यात टाकली गेली. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्ध थांबवलं तेव्हा देशाला काय झालं ते नीट कळलंही नव्हतं.

वसंतरावांची बदली या युद्धाच्या आगेमागे याच नेफात झाली. पुण्यातल्या मैफली, गुरू, मित्र, तंबोरा सगळं मागं ठेवून चाळिशी ओलांडलेला हा गवई देशाच्या शेवटच्या टोकाला हिशेब लिहायला गेला. तो बंदूक घेऊन लढला नाही, त्यानं विमान उडवलं नाही. पण युद्धात पराभव झाला की सगळ्यात आधी कोलमडतो तो हिशेब, हे खात्यातली माणसंच जाणतात. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मारले गेले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले, ३,९६८ कैद झाले. वर्तमानपत्रात हे आकडे एका ओळीत येतात. हिशेबखात्यात प्रत्येक आकड्याचा एक कागद असतो. बेपत्ता माणसाचा पगार चालू ठेवायचा की थांबवायचा? थांबवला तर कोणत्या तारखेपासून? कैदेतल्याच्या बायकोला किती पाठवायचे? अशा प्रश्नांत भावनेला रकाना नसतो.

इथं नागपूर पुन्हा एकदा डोकावतं. १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाची पोती अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परत फिरत. सुरुवातीला ती डाकोटाच होती, म्हणजे युद्धातलीच विमानं टपालाला लागलेली. ईशान्येकडून निघालेलं पुण्याचं पत्र कलकत्त्याहून आमच्या डोक्यावर उतरून मुंबईकडे जात असणार. सगळं नागपूर झोपेत असताना नागपुरात वाढलेल्या एका गवयाची खुशाली सोनेगावच्या धावपट्टीवर एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात जात असेल, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

आणि दुसरा विद्यार्थी? २७ जानेवारी १९६३. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू समोर बसलेले. कवी प्रदीपांनी हुतात्म्यांवर लिहिलेलं गीत लता मंगेशकर गातात, आणि चाल आहे सी. रामचंद्रांची. ते गाणं ऐकून नेहरूंचे डोळे पाणावले ही हकिकत प्रत्येक मराठी घराला पाठ आहे, गाणं तर आहेच. त्यामागं झालेल्या रुसव्याफुगव्यांची चर्चा इतकी चघळली गेली आहे की मी तिच्यात भर घालत नाही. चालीकडे मात्र कान द्यावा. सुरुवातीला ताल नाही. समोरच्याला हाक मारून बसवून घ्यावं तसे शब्द येतात, कीर्तनकार आख्यानाआधी दोन शब्द बोलतो तसे. मग ताल येतो, तोही दबकत. ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या या बादशहानं त्या दिवशी सगळे दागिने उतरवून ठेवले. उरलं ते एखाद्या शाळेच्या वर्गात पन्नास मुलांना एकदम गाता येईल असं काहीतरी. म्हणून ते शाळाशाळांतून गायलं गेलं, आणि अजून गायलं जातं. मला त्यात सप्रे मास्तरांची चटई दिसते. असं म्हणायला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे कानाशिवाय दुसरा पुरावा नाही.

गाणाऱ्या लताबाई दीनानाथांची मुलगी, म्हणजे वसंतरावांनी ज्यांची तान गळ्यात बाळगली त्यांची. एकाच लढाईच्या दोन बाजूंना हे सगळे असे उभे होते. एक गुरुबंधू मेलेल्यांसाठी चाल बांधत होता आणि दुसरा त्याच लष्कराच्या खात्यात हिशेबाच्या वह्या लिहीत होता.

नेफाहून परतलेले वसंतराव फार काळ नोकरीत राहिले नाहीत. साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी राजीनामा दिला. वय पंचेचाळीसच्या आसपास होतं. या वयात लोक पेन्शनची वर्षं मोजू लागतात, आणि हिशेबखात्यातल्या माणसानं तर ती मोजलेलीच असतात. तो आकडा समोर असताना त्यांनी खातं बंद केलं.

मग आणखी एक मास्तर आले, तेही नागपूरचेच. पुरुषोत्तम दारव्हेकर. नागपूरच्या रंगभूमीवर ‘मास्तर’ म्हटलं की दुसरं कुणी नाही. रंजन कला मंदिराचे मास्तर, आकाशवाणीचे मास्तर. त्यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिलं. जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलं, प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनं ते उभं केलं आणि २४ डिसेंबर १९६७ ला मुंबईत पहिला प्रयोग झाला. भार्गवराम आचरेकर, प्रसाद सावकार, फैयाज अशी मंडळी होती आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले होते वसंतराव.

त्या नाटकाचा गाभा बघा. विद्या कुणाची? घराण्याची, की जो तळमळून शिकतो त्याची? दरबारी गवयाचं पद मिळालेला खाँसाहेब आपली गायकी कोंडून ठेवतो, आणि सदाशिव त्याच्या घरी नोकर होऊन, कान लावून ती उचलू पाहतो. हातात राजानं दिलेली कट्यार आहे, एक खून माफ आहे. ज्या माणसानं लाहोर ते भेंडीबाजार पाच-सहा दारांतून विद्या उचलली, म्हणजे जो आयुष्यभर सदाशिव होता, त्यालाच दारव्हेकर मास्तरांनी खाँसाहेबाच्या गादीवर बसवलं. मराठी नाटकातली याहून धूर्त पात्रयोजना मला ठाऊक नाही. वसंतरावांना गुरूचा गर्व अभिनयातून आणावा लागत होता आणि शिष्याची भूक मात्र आतून येत होती. त्या दोहोंच्या घर्षणातून जे निघालं त्याला प्रेक्षक वन्समोअर देत राहिले.

वीस वर्षं तुंबलेलं पाणी मग सुटलं. मैफली, ध्वनिमुद्रिका, नाट्यसंगीताची चर्चा, ‘अष्टविनायक’सारखा चित्रपट (१९७९), आणि १९८२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. १९७४ साली कोराडीत वीज केंद्राचा पहिला संच फिरू लागला तेव्हा गावोगावी ‘कट्यार’चं नाव गाजत होतं. इथं नोकरीला आलेल्या पहिल्या पिढीनं, राखेचे डोंगर आणि नवी क्वार्टर्स सोडून, ते नाव घेत नागपूर गाठलं होतं.

शिकवणं या काळातही सुटलं नाही. चंद्रकांत लिमये, विजय कोपरकर हे त्यांच्याकडे शिकले. नुसती उसनी नक्कल वसंतरावांच्या गायकीची होऊच शकत नाही. ती तान कुठून निघते आणि कुठं जाते ते गाणाऱ्यालाही शेवटच्या क्षणी कळत असावं असा भास होतो. म्हणून तिचा साचा काढून शिष्याच्या हातावर ठेवता येत नाही. शिकवायचं ते धाडस, आणि धाडसाआधी पाया. पाया म्हटला की मला पुन्हा नागपूर आठवतं, याला माझा इलाज नाही.

सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ ला गेले. वसंतराव ३० जुलै १९८३ ला, त्रेसष्टाव्या वर्षी पुण्यात. राजीनाम्यानंतरची मोकळी वर्षं मोजली तर जेमतेम अठरा भरतात. नोकरीतली चोवीस त्याहून जास्त.

गेल्या पावसाळ्यात देशपांडे सभागृहातून एक कार्यक्रम बघून परत येत होतो. कार्यक्रम गाण्याचा नव्हता, कुठल्याशा संस्थेचा सत्कार समारंभ होता. शेजारी वसाहतीतला एक निवृत्त लेखापाल बसला होता. जन्म वीज मंडळाच्या हिशेबात गेलेला. मी त्याला म्हटलं, “भाऊ, ज्याच्या नावाचा हा हॉल आहे ना, तो तुमच्यातलाच. मिलिटरी अकाउंट्समध्ये होता.”

तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. चिमण्यांचे लाल दिवे दिसू लागले होते.

“मग गायचा कधी?” त्यानं विचारलं.